घुमटाचं तोंड

कुणीच बोलत नव्हतं. सभागृह माणसांनी गच्च भरलेलं, आणि तरीही शांतता अशी, की भिंतीवरचा ओला चुना वाळताना ऐकू यावा.

कारण आत्ताच घुमटातून प्राचार्यांचा आवाज खाली उतरला होता : "आज कौतुक उरकून टाकू. सोमवारपासून मोडके बाक इथंच भरा."

वास्तविक हे ते कोपऱ्यात उभं राहून उपप्राचार्यांच्या कानात कुजबुजले होते. घुमटानं ती कुजबुज अलगद उचलली आणि साऱ्या सभेच्या ओंजळीत टाकली. भिंतींना कान असतात हे सर्वांनी ऐकलं होतं. या भिंतींना तोंडही होतं.

शहरातल्या जुन्या सभाघरांच्या धर्तीवर विद्यार्थ्यांनी हे सभागृह स्वतःच्या हातांनी उभारलं होतं, आणि आज त्याचं उद्घाटन होतं. त्यांची म्होरकी, जिला सगळे 'मुकादम' म्हणत, तिच्या तळव्यांवरचे चुन्याचे चरे अजून भरले नव्हते. आणि आता इथं मोडके बाक?

ती शांतपणे उठली. "सर, ही जुन्या कारागिरांची खुबी. चारचौघांत कुणी कानगोष्टी करू नयेत म्हणून ते घुमट असाच बांधायचे."

टाळ्या पडल्या. प्राचार्य घसा खाकरू लागले. एवढ्यात समोरच्या कोपऱ्यात तिचा सोबती, गवंड्याच्या लंबदोरीसारखा काटकुळा आणि सरळसोट म्हणून 'ओळंबा' ठरलेला, शेजाऱ्याकडे झुकला. घुमट प्रामाणिकपणे म्हणाला, "काय थापा मारते बघ. आखायची दोरी भिजून आटली, म्हणून गोलाई चुकली."

हशा उसळला. ओळंबा वाकला, तो तसाच वाकलेला राहिला.

प्राचार्यांच्या चेहऱ्यावर रंग परतला. "म्हणजे वारसा वगैरे काही नाही. चूक आहे."

"आहे ना, सर," मुकादम जागची हलली नाही. "त्यांचीही दोरी कधीतरी भिजलीच असेल. पडते ती चूक, टिकतो तो वारसा."

या वेळी टाळ्या नुसत्या हातांच्या नव्हत्या, घुमटानंही वाजवल्या. त्या ओसरल्या, आणि हुकमाचे ताबेदार उपप्राचार्य सवयीनं साहेबांच्या कानाशी लागले.

"सर," घुमटानं अदबीनं विचारलं, "मग बाक कुठं ठेवायचे?"

सगळ्या माना प्राचार्यांकडे वळल्या. त्यांनी तोंड उघडलं, एकवार वर घुमटाकडे पाहिलं, तोंड मिटलं, आणि ते दाराकडे चालू लागले.