कवडशातले काटेराव

एका जंगलात, बाळांनो, एक भलामोठा वड होता. जंगलाचं नाव सांगत नाही. उगाच कुणाला आपलं ऑफिस आठवायचं.

त्या वडाखाली सिंहमहाराजांची सभा भरे. बसायची रीत ठरलेली. थोरामोठ्यांनी बुंध्याशी, गर्द सावलीत. किरकोळ जनतेने बाहेर, उन्हात. आणि मधल्यांनी मध्ये, जिथे पानांतून कवडसे पडतात तिथे.

आता सूर्य काही एका जागी बसत नाही. तो सरकला की कवडसे सरकतात. त्यामुळे मधली मंडळी सभाभर बूड सरकवत असत. अंगावर जरा ऊन आलं की शेजारी कुजबुजणार, "याचं काही खरं नाही. हा चालला उन्हात."

उन्हात काट्या नावाचं एक साळिंदर बसायचं. डोक्यावर ऊन आणि डोक्यात काहीबाही.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या डोंगरावरचे हत्ती येऊन जंगलातलं एकुलतं एक तळं उपसू लागले. सभा बसली. कुणालाच काही सुचेना. काट्या उन्हातून ओरडला, "त्यांच्या वाटेवर मधमाश्यांची पोळी टांगा."

सगळे पोट धरून हसले. हसून झाल्यावर पोळी टांगली, कारण दुसरं काही नव्हतंच. हत्ती सोंडा सुजवून पळाले.

महाराज खूश झाले. काट्याला कवडशात जागा मिळाली. आता त्याला काट्या म्हणायचं नाही हं, बाळांनो. काटेराव म्हणायचं.

पुढच्या उन्हाळ्यात हत्ती पुन्हा आले. या खेपेला अंगभर चिखल थापून. मधमाश्यांचं काही चालेना.

काटेरावांच्या बिळात साळूबाई पोरांना ओला चिखल चोखायला देत होती. "अहो, काही सुचतंय का?"

"सुचून बसलंय. मिरच्यांची धुरी. शेतातून वाळक्या मिरच्या आणायच्या आणि तळ्याकाठी जाळायच्या. एवढी मोठी सोंड, ठसका केवढा लागेल बघ."

"मग उद्या सभेत सांगा की."

"सांगेन. पण वारं बघून."

"वारं कसलं बघताय? पोरांच्या जिभा बघा."

सभेत काटेरावांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ऊन काट्यांवर आलं. ते सरकले. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा ऊन. शेजारी भेकरअण्णा बसले होते. कवडशात सरकून सरकून त्यांच्या बुडाचे केस गेले होते.

"काय बोलणार आहेस?" अण्णांनी हळूच विचारलं.

"मिरच्या जाळा म्हणणार आहे."

"उन्हात होतास तेव्हा लोक हसले, तुझं काय गेलं? आता हसले तर जागा जाईल. आधी महाराज काय म्हणतात ते ऐक."

महाराज म्हणाले, "आपण हत्तींना रीतसर निमंत्रण देऊ. पाहुणा म्हणून आला की माणूस भिडेखातर कमीच पितो."

गर्द सावलीतून "वा, वा" झालं. उन्हातला एक बेडूक म्हणाला, "निमंत्रण दिलं तर सोयरेधायरे घेऊन येतील." पण उन्हातलं ऐकायची रीत नव्हती.

तरस कारभारी वळून म्हणाला, "काटेराव, तुम्ही मधमाश्यावाले. तुमचं काय म्हणणं?"

काटेरावांना पोरांच्या जिभा आठवल्या. त्यांनी वर सूर्याकडे पाहिलं, मग महाराजांकडे.

"महाराजांनी माझ्या मनातलंच ओळखलं," ते म्हणाले.

निमंत्रण गेलं. हत्ती सोयरेधायरे घेऊन आले. तळ्यात मासे उघडे पडले.

महाराजांनी भर सभेत सांगितलं, "आमचं मन जाणणारा एकच निघाला." आणि काटेरावांना बुंध्याशी, गर्द सावलीत बसवलं.

तिथली सावली सरकत नाही. काटेराव जरा टेकले, आणि इतके दिवस अडकलेलं बाहेर आलं. "महाराज, तळ्याकाठी मिरच्यांची धुरी द्यावी."

"काय दूरदृष्टी आहे," तरस म्हणाला. कवडशातून टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात अण्णांच्या.

मग कोरड्या तळ्याभोवती मिरच्यांचे ढीग पेटले. सगळं जंगल खोकलं. महाराजांच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्या प्रजेवरच्या प्रेमाच्या समजल्या गेल्या. त्यानंतर एकही हत्ती तळ्याकडे फिरकला नाही. योजना पूर्ण यशस्वी झाल्याची दवंडी पिटली गेली.

दवंडी चालू असताना साळूबाई पोरांना घेऊन बिळाबाहेर पडली. हत्ती आता डोंगरापलीकडच्या ओढ्यावर पाणी पितात, असं बेडकाने तिला सांगितलं होतं.

काटेरावांनी बुंध्यापासून हाक मारली. "अगं, थांब. आता आपण गर्द सावलीत आहोत."

"बसा तुम्ही," ती चालता चालता म्हणाली. "पोरांना सावली पिता येत नाही."

काटेरावांना उठावंसं वाटलं. पण जागेवरून उठलं की दुसरा बसतो.

तात्पर्य : चांगली कल्पना सुचली तर ती वेळेवर बोलून वाया घालवू नये. हुद्दा मिळेपर्यंत जपून ठेवावी. तोवर तळं आटेल, पण टाळ्या आटत नाहीत.