तीन बाटल्या, तीन झाकणं

नव्या बाईंना प्रयोगशाळेत येऊन वर्ष होत आलं, तरी सगळे त्यांना नव्या बाईच म्हणत, कारण नोकरी अजून कायम झाली नव्हती. ती आज व्हायची होती. बारा वाजता तपासनीस साहेब येणार, रसायनं नीट काळजीपूर्वक ओतून ठेवली आहेत का ते बघणार आणि शेरा लिहिणार.

बाईंनी सकाळपासून सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. डोळ्यांवर गॉगल, हातांत मोजे, खाली ट्रे, प्रत्येकाला वेगळं नरसाळं. मोठ्या कॅनमधलं पातळ आम्ल एका बाटलीत, अल्कली दुसरीत, शुद्ध पाणी तिसरीत; थेंब सांडला नाही. फक्त नावाच्या चिठ्ठ्या त्यांनी झाकणांवर चिकटवल्या. घरी सासूबाई मीठ, साखर, सोडा असं डब्यांच्या झाकणांवरच लिहीत, आणि सासूबाईंचं कधी चुकत नाही हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मग ट्रे पुसायला म्हणून बाईंनी उघड्या बाटल्या टेबलावर ठेवल्या, परत ट्रेमध्ये ठेवल्या आणि झाकणं हातात घेऊन उभ्या राहिल्या. झाकणांवर तीन नावं. समोर तीन बाटल्या, तिन्हींत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी. आता बोला! डावीकडची आम्लाची होती. की ती उजवीकडे गेली? की आपण मघाशी टेबलाच्या पलीकडे उभ्या होतो? त्यांनी पलीकडे जाऊन पाहिलं, तर तिकडूनही गोंधळ तेवढाच होता.

वास घ्यावा तर नोकरी आणि नाक दोन्ही जायची. शेवटी लिटमस कागद आठवले. निळा लाल झाला ते आम्ल, लाल निळा झाला ती अल्कली, काहीच झालं नाही ते पाणी. ओले कागद बशीत टाकून झाकणं लावली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. आता चिठ्ठ्या बाटल्यांवर लावू म्हणून वळतात तो साहेब दारात.

ट्रे, नरसाळी, मोजे बघून साहेब खूश झाले. मग नजर झाकणांवर गेली आणि पेन थांबलं.

“बाई, चिठ्ठी बाटलीच्या पोटावर लावायची. झाकण काय, कुणाचंही कुणावर बसतं. थांबा, दाखवतो.”

साहेबांनी मोजे चढवले. तिन्ही झाकणं काढली, बाटल्या इकडच्या तिकडे सरकवल्या, हाताला येईल ते झाकण कुठल्याही बाटलीवर बसवलं आणि आता काही कळतंय का, असं विचारलं. बाई नाही म्हणाल्या. साहेब समाधानाने हसले. मग त्यांनी बाटल्यांकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. डावीकडे हात नेला, मागे घेतला, आणि टेबलाला वळसा घालून पलीकडून बघू लागले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बाईंना ती फेरी ओळखीची होती. त्यांनी मुकाट्याने लिटमसची डबी काढली, थेंब टाकले, ओले कागद त्याच बशीत टाकले, झाकणं लावली आणि बाटल्यांच्या पोटावर चिठ्ठ्या चिकटवल्या. दोन मिनिटंही लागली नाहीत.

साहेबांनी कपाळ पुसलं. “इतक्या पटकन कसं सुचलं तुम्हाला?”

“सराव आहे, साहेब.”

साहेबांनी शेरा लिहिला: प्रसंगावधान उत्तम, कायम करण्यास हरकत नाही. निघताना त्यांची नजर बशीतल्या ओल्या कागदांवर गेली. जेवढे असायला हवे होते त्याच्या ते बरोबर दुप्पट होते. साहेबांनी एकदा कागदांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि आवाज खाली आणला.

“झालं ते वर कळवायला नको, बाई. दोघांचंही.”