कर्नेलची चादर

"चहा उकळायच्या आत तुझा कॉम्प्युटर चालू करून दाखवतो!" असं मी बायकोला म्हणालो तेव्हा घरात सगळं सुरळीत होतं, हे आधीच सांगून ठेवतो.

बायको आर्किटेक्ट. लहान मुलांच्या वाचनालयाची इमारत कशी असावी, यावर एक स्पर्धा होती. दोन महिने खपून काढलेले तिचे नकाशे त्या कॉम्प्युटरमध्ये होते आणि ते पाठवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची होती. "अंघोळ करते, शेवटचा हात फिरवते आणि पाठवते," ती म्हणाली. आणि जाता जाता पुटपुटली, "हे यंत्र चालू व्हायला एवढा वेळ घेतं, की तेवढ्यात इमारत बांधून होईल!"

आता हे कुणासमोर बोलावं? ज्याचं पोटच कॉम्प्युटरच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नेलवर चालतं, त्याच्यासमोर? मी बाह्या सरसावल्या.

सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. त्या निवृत्त नर्स. त्यांनी अंथरलेल्या चादरीवर सुरकुती सापडली तर बक्षीस! त्यांनी आणलेलं जाड मेणकापड मी सकाळीच टेबलावर अंथरलं होतं आणि कॉम्प्युटर पुन्हा वर मांडला होता. "कोपऱ्यात उंचवटा दिसतोय," त्या म्हणाल्या होत्या.

"लाकूड फुगलंय, आई!" मी ठणकावून सांगितलं होतं.

मी कामाला बसलो, तशा त्या खुर्ची ओढून शेजारी आल्या. "काय करताय, जावईबापू?"

"आई, कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये सगळ्यांच्या आधी उठणारा कर्ता पुरुष. तो उठल्या उठल्या 'डेव्ह' नावाच्या फोल्डरवर एक चादर पसरतो. याला आम्ही माउंट करणं म्हणतो. त्या चादरीवर पाट्या असतात. ही स्क्रीन, हा कीबोर्ड, ही डिस्क. या पाट्या म्हणजेच डिव्हाइस फाइल. मग बाकीची मंडळी उठतात आणि पाटी बघून दार वाजवतात."

"आणि चादरीखाली आधीच काही असलं तर?"

"झाकलं जातं. हरवत नाही हं! चादर काढली की जिथल्या तिथे!"

"धुवायची कोणी?"

"धुवायचीच नाही! मशीन बंद झालं की चादर पाट्यांसकट नाहीशी. पुढच्या वेळी कोरी करकरीत!"

"आमच्या वॉर्डात हवी होती," सासूबाई हळहळल्या.

मला मात्र ही उधळपट्टी बघवेना. रोज नवी चादर, रोज नव्या पाट्या! मी ठरवलं, कर्नेलचं हे चादर पसरणं बंदच करायचं. घरात उपकरणं ती किती? पाट्या एकदाच हातानं लिहायच्या, कायमच्या! चादर पसरायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाही वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं. पण प्रश्न तत्त्वाचा होता!

मी नवा, सडपातळ कर्नेल तयार केला. पाट्या लिहिल्या. आणि जुना कर्नेल अडगळ म्हणून पुसून टाकला. मग गॅसवर चहा ठेवला आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

स्क्रीनवर अक्षरं सरसर धावली. 'कन्सोल', म्हणजे स्क्रीन-कीबोर्डची जोडी, 'उघडता येत नाही,' अशा अर्थाची एक ओळ आली आणि पुढे सगळं ठप्प!

आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. पाट्या मी लिहिल्या कुठे? डेव्हमध्ये. पण त्या वेळी डेव्हवर जुन्या कर्नेलची चादर होती! म्हणजे सगळ्या पाट्या चादरीवर लिहिल्या आणि मशीन बंद करताना चादरीबरोबर घालवल्या. नवी चादर पसरायला मीच बंदी केलेली. खाली उघडी फरशी!

"झालं का?" केसांना टॉवेल गुंडाळून बायको आली.

"झालंच! फक्त ते आता कुणाला ओळखत नाही."

"माझे नकाशे?"

"सुखरूप! डिस्कवर आहेत. फक्त डिस्कपर्यंत जायला दार नाही."

"मी आर्किटेक्ट आहे!" ती कडाडली. "बिनदाराचं घर मला समजावू नकोस!" पुढच्या क्षणी ती स्क्रीनसमोर वाकली. "अरे, दोन महिने रे..."

चहा उतू गेला. कुणीही उठलं नाही.

"घाबरू नकोस!" मी म्हणालो. "माझ्याकडे लाल पेनड्राइव्ह आहे. अशाच वेळेसाठी ठेवलाय. त्यावरून मशीन चालू करायचं, तयार कर्नेल बसवायचा, संपलं!"

"कुठेय?"

"इथेच तर होता टेबलावर!"

मग आमच्या घराची झडती सुरू झाली. ड्रॉवर उपडे झाले, खिसे उलटे झाले, पिठाच्या डब्यात हात गेले. चार वाजून गेले. मी हताश होऊन टेबलाशी बसलो, कोपर टेकलं आणि कळवळलो! "या फुगलेल्या लाकडाच्या..."

"नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणत सासूबाई उठल्या आणि त्यांनी मेणकापड एका झटक्यात उलटवलं.

"लाकूड फारच फुगलंय हो," त्या म्हणाल्या. "लालसुद्धा झालंय!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! सकाळी मीच त्यावर मेणकापड अंथरलं होतं.

पुढचं सांगायला नको. पाचच्या आत नकाशे गेले. "गेले," म्हणून बायको खुर्चीत बसली आणि चक्क रडली, तेव्हा मला खरोखर लाज वाटली. तिचा कॉम्प्युटर आता पूर्वीइतकाच सावकाश चालू होतो. तेवढ्यात दोन चहा होतात. तिची तक्रार नाही.

बाकी माझ्या ज्ञानाबद्दल घरात कुणाला शंका नाही. फक्त सासूबाई हल्ली कुठलीही चादर अंथरायच्या आधी खणखणीत आवाजात विचारतात, "जावईबापू, खाली तुमचं काही नाही ना?"

"काही नाही, आई!" मीही तितक्याच आत्मविश्वासानं सांगतो.

काल मात्र चष्मा होता.