सासूबाईंच्या विमानाचा वळसा

पार दुसऱ्या खंडातून सासूबाई आमच्याकडे यायच्या होत्या. एकट्या, आणि विमानात आयुष्यात पहिल्यांदाच. "तू बाहेर पाऊल टाकशील तेव्हा आम्ही समोर उभे असू," असा शब्द बायकोने त्यांना दिला होता. मी आपलं एवढंच ठरवलं, की विमान कधी पोचतं ते स्वतः काढायचं.

तिकिटावर वेळ छापलेली होती, नाही असं नाही. पण मी रस्ते खात्यात आरेखक आहे. 'काम अमुक तारखेला पूर्ण होईल' हे फलक आमच्याच खोलीत रंगवले जातात, त्यामुळे छापील वेळेवर माझा विश्वास बसत नाही. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मी पट्टी ठेवली, दोन शहरांमध्ये सरळ रेघ मारली (अशी रेघ खात्यात दुसऱ्या कुणाला जमत नाही), अंतर मोजलं आणि विमानाच्या वेगाने भागलं. उत्तर तिकिटापेक्षा दोन तास जास्त आलं.

"दुपारी कशाला जायचं? संध्याकाळी निघू."

"अहो, विमानवाल्यांना त्यांचा वेग माहीत नसेल का?"

"वेग असेल माहीत. अंतराचं काय?"

त्या दिवशी सकाळी बायको फोनवर विमान कुठवर आलं ते बघत होती. एकदम किंचाळली, "अहो, आई बर्फाकडे निघालीय!"

बघतो तर काय, विमान माझी रेघ सोडून थेट उत्तरेला.

"रस्ता बंद असणार. वळसा घेतलाय," मी म्हणालो.

"आकाशात रस्ता बंद?"

"रस्ता म्हटला की बंद आलाच." आणि वळसा म्हणजे उशीर. मी हिशेबात आणखी एक तास घातला. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा तिचा धीर सुटू नये म्हणून फोन काढून घेतला आणि चहा टाकला.

विमानतळावर चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "ते विमान? केव्हाच उतरलं."

"कसं उतरेल? वळसा घालून आलंय ते!"

"वळसा नाही काका, तोच जवळचा रस्ता. पृथ्वी गोल आहे ना."

हे शाळेत शिकवलं होतं खरं. पण खात्यात आम्ही पृथ्वी सपाटच धरतो. (आजवर कुणाची तक्रार नाही.) बायको माझ्याकडे न बघता "आई, आई" करत धावत सुटली. मागोमाग मी. 

सासूबाई बाहेरच्या बाकावर, बॅगेवर पाय टेकून बसल्या होत्या. मायलेकी गळ्यात पडून रडल्या. मग सासूबाईंनी चष्मा पुसून मला नीट न्याहाळलं.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी अदबीने विचारलं, "प्रवास फार लांबचा झाला ना?"

"माझा कसला लांब? जेवले, झोपले, उठले तर उतरायचं आलं. मी अर्धं जग ओलांडून पोचले, तरी तुमचं आपलं घरून येणं चाललेलंच. जावईबापू, लांब राहता ते तुम्ही."