बिनविरोध विरोधक

हिंगणवाडीने यंदाही निवडणूक बिनविरोध केली, आणि लोकशाहीत विरोध पाहिजे म्हणून एक विरोधकही बिनविरोधच निवडला. सखाहरी आप्पा म्हणाले, मला नको. जमतंय की, म्हणत लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून आप्पांना कशालाच हो म्हणता येईना. चहा विचारला की नको म्हणायचे आणि कप हातात घ्यायचे. नळाला पाणी आलं, तर आधी विरोध करायचे, मग हंडा लावायचे. बायको शेवंता म्हणायची, मला बघायला आलात तेव्हा कुठं गेलं होतं हे पद?

खरी पंचाईत झाली ती वनिताच्या लग्नात. एकुलती एक पोर. नवरा मुलगा आप्पांना इतका पसंत, की त्याचं नाव निघालं तरी मिशीतल्या मिशीत हसायचे. पण हिंगणवाडीत बाप हो म्हणाल्याशिवाय सुपारी फुटत नाही. आप्पा तडक सरपंच मुक्ताबाईंकडे गेले, म्हणाले, हे पद नको. बाईंनी तसा ठराव सभेत मांडला. पद काढायला पदवाल्याची संमती लागते. आणि ठराव आला म्हणजे विरोधकाने विरोध करणं आलं. आप्पांनी डोळे पुसत विरोध केला. ठराव पडला.

"याला विरोधाभास म्हणतात," शाळेतले तांबोळी सर म्हणाले. "दोन्ही बाजू बरोबर, तरी गाडं अडलेलं."

"शेजारच्या गावात आहे का तो?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"नसावा."

"मग राहू दे आपल्याकडे."

सुपारी शेवटी विरोधासकट फोडायची ठरली. पाहुण्यांनी थोडी कुरकुर केली, पण मुलगी चांगली होती. मांडवात आप्पा प्रत्येक मंगलाष्टकाला मान हलवून नाही म्हणत होते आणि सगळ्यांच्या आधी अक्षता टाकत होते. पाहुण्यांना वाटलं, सासरा जरा हलका आहे डोक्याने.

संध्याकाळी गाडी लागली. वनिता पाया पडली.

"निघू का आप्पा?"

"नको," आप्पा म्हणाले.

सवयीने लोकांनी टाळ्या वाजवल्या. वनिताने मात्र आप्पांच्या तोंडाकडे बघितलं आणि गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला. हा नको तिने याआधी कधी ऐकला नव्हता. टाळ्या आपोआप विरल्या. ड्रायव्हरने गाडी बंद केली, परत चालू केली.

मग आप्पांनीच तिला दंडाला धरून आत बसवलं, पदर नीट आत घेतला आणि दार लावलं, नको नको म्हणत.