ओदीलबाईंचा मोडलेला हात

लांबडा पाव कोटाच्या बाहीत बेमालूम लपतो, हा शोध ओदीलबाईंना म्हातारपणी लागला. लपवायचं कारण म्हणजे सोलांज. बाईंच्या घराचा जिना तिच्या बेकरीला लागूनच होता. लग्न होऊन लिओं शहरात आल्यापासून बाईंनी तिच्या नवऱ्याच्या, रेमोंच्या हातचाच पाव खाल्ला होता. पण हिवाळ्यापासून त्या पावात रामच उरला नव्हता. वरून तसाच खरपूस, पण तोंडात घातला की कापूस. आणि भल्या माणसाला हे सांगणार कोण? बाई गुपचूप चौकापलीकडच्या बेकरीत जाऊ लागल्या.

त्या दिवशी सोलांज नेमकी दारातच उभी होती.

"अगं बाई! हात असा ताठ का हो तुमचा?"

"पडले," बाई म्हणाल्या. ताजा पाव कोपराला चटके देत होता, त्यामुळे चेहरा आपोआप वेदनेचा झाला.

"मोडला की काय?"

"तसंच म्हणायचं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या इमारतीत पसरली. वरच्या ब्लांशने सूप आणलं. बाईंना हात गळ्यात बांधून हिंडावं लागलं. सोलांज रोज सकाळी पाव घेऊन जिना चढू लागली. तो बेचव पाव फेकवेना आणि खाववेनाही. चांगला पाव मात्र बाई अजूनही भल्या पहाटे जाऊन आणत. गळ्यातल्या झोळीत तो आणखीच छान बसायचा.

रविवारी सोलांज थेट स्वयंपाकघरात शिरली. "म्हटलं, लोणी लावून द्यावं. एका हातानं कसं..."

बाई मोडक्या हाताने पाव कापत होत्या. परका पाव.

सोलांज खुर्चीत बसली.

"आमच्यात काय कमी पडलं, बाई?"

"मीठ," बाई हळूच म्हणाल्या. "रागावू नकोस गं. जीभच धजेना सांगायला."

सोलांजचे डोळे भरून आले. "मीच कमी केलंय. मोजून मीच देते ना रेमोंला. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब वाढलाय, मीठ तोडा. आणि हा दिवसभर स्वतःचाच पाव चघळतो. सांगितलं असतं तर ऐकलं असतं का? त्याला काही कळलं नाही, तेव्हा वाटलं, कुणालाच कळलं नाही."

तेवढ्यात तिला शोधत रेमों वर आला. अंगभर पीठ, चेहरा अलीकडे असायचा तसाच उतरलेला. कुणी काही म्हणायच्या आत त्याने सवयीने टेबलावरचा तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावता थबकला.

"खारट लागतंय," तो पुटपुटला. दुसरा तुकडा खाल्ला. "सोलांज, मला मिठाची चव कळतेय!"

"म्हणजे?"

"माझी जीभच गेली असं वाटत होतं गं मला. हिवाळ्यापासून. बेकरी बंद करावी लागणार, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू, म्हणून गप्प बसलो होतो." तो हसत होता आणि डोळेही पुसत होता. "कुणाचा का असेना, काय पाव आहे!"

दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सोलांजने तो पाव काढून घ्यायला हात पुढे केला. तो हात मध्येच थांबला, मग लोण्याकडे वळला.

"आजच्या दिवस खा," ती म्हणाली आणि लोण्याची बशी त्याच्यापुढे सरकवली.