विनिफ्रेडच्या माहितीपटातली मी

आपण माहितीपटात दिसणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. शंका घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. तरीही नव्हती!

कारण माहितीपट होता विनिफ्रेड ऑस्ट्रँडरवर. जिनं अख्ख्या अमेरिकेला रुमालाची घडी घालायला, टर्की भाजायला आणि पाहुणे पाहून न घाबरायला शिकवलं, ती विनिफ्रेड! तिची मासिकं, तिचे टॉवेल, तिच्या नावाचे रंगाचे डबे. आमच्या हॅरोफील्डच्या वेशीवर ‘विनिफ्रेडचं गाव’ अशी पाटी आहे, कारण पाटीवर लिहिण्यासारखं गावात दुसरं काहीच घडलेलं नाही. आणि ती लहानाची मोठी झाली, ते घर आता माझं आहे! गेल्या वर्षी चित्रीकरणवाले तिला घेऊन माझ्याच दारात उतरले. मी स्वयंपाकघरात उभी राहून कॅमेऱ्यासमोर अख्खी दुपार बोलले. जुन्या ओव्हनबद्दल बोलले, नळाच्या पाण्यातल्या क्षारांबद्दल तर फारच बोलले. दिग्दर्शक म्हणाला, “उत्तम!” आणखी काय पुरावा हवा?

शेजारच्या बेव्हर्लीला हवा होता.

“तुला कापलं असणार, लोर्ना,” ती कुंपणावरून म्हणाली. “क्षारांवर बोललीस? अगं, कात्री आपोआप उचलली जाते!”

“लाव पैज!”

“लावली! दिसलीस तर यंदाच्या जत्रेत ॲपल पायच्या परीक्षकाची खुर्ची तुझी आणि गाड्या लावायचं काम माझं. नाही दिसलीस, तर तू पिवळं जाकीट घालून मैदानात लोकांच्या गाड्या लावायच्या.”

त्या खुर्चीवर बेव्हर्ली इतकी वर्षं बसते आहे की खुर्चीलाच तिचा आकार आलाय. मी दरवर्षी स्पर्धेला ॲपल पाय पाठवते. ती दरवर्षी एकच शेरा देते, ‘बिनचूक’. म्हणजे बेचव, हे अख्ख्या गावाला कळतं!

माहितीपट लागायच्या दिवशी मी सगळी गल्ली घरी बोलावली. आमच्याकडे प्रत्येकानं एकेक पदार्थ घेऊन यायचा रिवाज आहे. कोण काय आणणार ते आधी ठरवू या, असं मी म्हटलं, तर बेव्हर्ली म्हणाली, “ही प्रयोगशाळा नाही, मेजवानी आहे!” मग मी फक्त घर साफ केलं. माळ्यापासून तळघरापर्यंत, हात पोचेल तिथे आणि पोचणार नाही तिथे स्टुलावर चढून.

सगळ्यांत आधी आल्या मिसेस कोवाल्स्की. वय नव्वदीला टेकलेलं, हातात ॲपल पाय.

“विनिफ्रेडच्या पुस्तकातला आहे हो!” त्या म्हणाल्या.

मागोमाग हार्डवेअरच्या दुकानाचा डेनिस. हातात ॲपल पाय. “विनिफ्रेडचा दिवस, मग विनिफ्रेडचाच पदार्थ हवा ना?”

प्रत्येकाला हे आपल्यालाच सुचलं असं वाटत होतं! थोड्या वेळात माझं टेबल ट्रकच्या टायरांच्या गोदामासारखं दिसू लागलं. बेव्हर्ली सवयीनं सगळ्यांच्या कडा बोटानं दाबून बघत होती.

“खारट काहीच नाही का गं?” माझ्या नवऱ्यानं, वेन्डेलनं, कानात विचारलं.

“मोहरीच्या सॉसची बाटली आहे.”

माहितीपट सुरू झाला. विनिफ्रेडकडे कोणी बघेना! सगळे तिच्या मागे बघत होते.

“तो माझा टपालाचा डबा!”

“थांबवा, मागे घ्या! ते माझ्या भावाचं टक्कल आहे!”

“टक्कल कुठलं, बाई? भोपळा आहे तो.”

पण तिच्याच कंपनीनं तिला बाहेर काढलं तो भाग आला, तेव्हा टपालाचा डबा सगळे विसरले. आणि ती पुन्हा त्याच दारातून मालकीण म्हणून आत शिरली, तेव्हा डेनिसनं अशी शिट्टी मारली की कुत्रा सोफ्याखाली गेला. मिसेस कोवाल्स्की डोळे पुसत म्हणाल्या, “आमची पोर आहे ती!”

मग विनिफ्रेड बालपणावर आली. “मला घडवलं हॅरोफील्डनं,” ती म्हणाली. आम्ही सगळे ताठ बसलो. “दर रविवारी शेजारून एक ॲपल पाय यायचा. बुटाच्या तळव्यासारखा. तेव्हाच मी ठरवलं, या देशात पुन्हा कोणावर ही वेळ येऊ द्यायची नाही.”

कोणीतरी आता दगावणार, असं मला वाटलं. तेवढ्यात मिसेस कोवाल्स्की काठी टेकत उभ्या राहिल्या.

“तो माझा!” त्यांचा चेहरा नवरीसारखा उजळला होता.

“छट्!” डेनिस उसळला. “तुमचा निदान चावला तरी जायचा. तो माझ्या आईचा!”

“तुझी आई कसली?” बेव्हर्ली ओरडली. “माझ्या आजीचा ॲपल पाय आमच्या कुत्र्यानं अंगणात पुरला होता! विनिफ्रेडला घडवलं ते आमच्या घरानं!”

भांडण हातघाईवर आलं आणि पडद्यावर माझं स्वयंपाकघर आलं.

मी पडद्याजवळ सरकले. विनिफ्रेड आत आली. ओव्हनसमोर घटकाभर थांबली. मग तिनं हात उंच केला, माझ्या फ्रिजच्या माथ्यावरून एक बोट फिरवलं आणि त्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग कॅमेऱ्याकडे पाहून एक भुवई उचलली. पुढच्या क्षणी ती टोकियोला होती!

बस्स. मी नाही, ओव्हनची कहाणी नाही, एक क्षारसुद्धा नाही. नावं वर सरकू लागली. माझे कान असे तापले की त्यांवर एखादा ॲपल पाय भाजून निघाला असता. मनातल्या मनात मी पिवळं जाकीट चढवलं.

“तिनं आजवर टीव्हीवर कोणाच्या घरी असं बोट फिरवलंय?” मिसेस कोवाल्स्कींनी हळूच विचारलं.

“कोणाच्याच नाही,” डेनिस म्हणाला.

आणि सगळी गल्ली माझ्या स्वयंपाकघरात धावली! डेनिस स्टुलावर चढला.

“इथे तर काहीच नाही!”

“काल पुसलं मी,” मी म्हटलं.

“पुसलंस?” बेव्हर्लीनं कपाळाला हात लावला. “अगं करंटे, देशानं पाहिलेली धूळ होती ती!”

“ही ती धूळ नव्हती. ती गेल्या वर्षीच...”

“दोनदा पुसलंस?”

पण पैज ती विसरली नव्हती. “असो. दिसला तो फ्रिज. लोर्ना कुठे दिसली? जाकीट मोठ्या मापाचं आहे, आतून स्वेटर घाल.”

तेव्हा मोहरी लावून ॲपल पाय खाणारा वेन्डेल म्हणाला, “लोर्ना, घरातल्या धुळीत आपल्याच अंगाची झडलेली कातडी असते, असं तूच सांगतेस ना?”

“असते,” मी म्हटलं. “पण...”

“म्हणजे बोटावर लोर्ना होती!” मिसेस कोवाल्स्कींनी काठी आपटली. “विनिफ्रेडनं तिला बोटावर घेऊन डोळे भरून पाहिलं! निकाल लागला!”

टाळ्या पडल्या. बेव्हर्लीनं माझ्याकडे पाहिलं. मी चूक कधी सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मी तोंड उघडलं आणि त्यात ॲपल पायचा मोठा तुकडा घातला.

जत्रेत भोंग्यावरून घोषणा झाली, “आणि आता परीक्षक, विनिफ्रेडच्या माहितीपटात झळकलेल्या आपल्या लोर्ना!” मी ताठ मानेनं त्या खुर्चीत बसले. ती खरंच बेव्हर्लीच्या आकाराची आहे. बेव्हर्ली मात्र शब्दाची पक्की निघाली. ती मैदानात पिवळं जाकीट घालून गाड्या लावत होती आणि तिचा ॲपल पाय माझ्या समोर होता. चव अप्रतिम! मी शेरा दिला, ‘बिनचूक’.

आता तुम्हाला म्हणून सांगते. धुळीत तंतू असतात, माती असते, आणि कातडी असली तरी झडतो जास्त कोण? मी रोज हातापायांना मलम लावते. वेन्डेल सतत खाजवत असतो. तेव्हा शास्त्राला धरून पाहिलं, तर विनिफ्रेडच्या बोटावर बहुतेक वेन्डेलच होता.

बोटावर खरं कोण होतं, हे त्यानं मला कधी विचारलेलं नाही. परवा मी त्याच्यासाठी मलमाची नवी डबी आणली.